पडद्यामागचे आठ खांब

सासऱ्यांशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो. पण ते इतकं दणकट निघालं, की पुढची पंधरा वर्षं त्याला कुठे ठिगळ लावावं लागलं नाही. उलट दरवर्षी ते लांबीरुंदीला वाढतच गेलं.

मुलगी पाहायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी भिवंडीतल्या एका शाळेत कारकून. मुलीच्या वडिलांचा आठ मागांचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबोडकी खोली. आत आठ लूम असे काही खडखडत, की शेजारच्या घरातली माणसं एकमेकांशी प्रेमानं बोलतानासुद्धा भांडल्यासारखी ओरडत. मुलीचे वडील चौदाव्या वर्षापासून त्या खडखडाटात उभे. पुढे मी त्यांना मामा म्हणायला लागलो, तेव्हा इथेही मामाच म्हणतो. तर मामांनी मला पगार विचारला नाही, पत्रिका विचारली नाही. विचारलं, "कुठे कुठे फिरलायत?"

आता खरं सांगायचं तर माझी पृथ्वी वज्रेश्वरीला संपत होती. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात एकदा पाय पोळला होता, एवढंच माझं प्रवासवर्णन. पण आतल्या दाराशी कुणीतरी उभं राहून ऐकतंय हे मला कळत होतं, आणि अशा वेळी 'वज्रेश्वरी' म्हणणं जिवावर आलं. तोंडातून निघून गेलं, "दीवला."

दीवच का? तर शाळेसमोरच्या औषधाच्या दुकानात एक कॅलेंडर लटकलेलं असे. त्यावर गोव्याच्या कुठल्याशा चर्चच्या आतलं चित्र होतं. नुसतं सोनं. खोकल्याचं औषध बांधून होईपर्यंत मी ते इतक्या वेळा पाहिलं होतं, की डोळे मिटून सांगू शकलो असतो. पण गोव्याला मुलीचे काका जाऊन आले होते, म्हणजे उलटतपासणी आलीच. दीवच्या बेटावर मात्र आमच्या पंचक्रोशीतलं कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. तेव्हा मी गोव्याचं चर्च उचललं आणि दीवला नेऊन ठेवलं. पोर्तुगीजांनासुद्धा इतक्या स्वस्तात चर्च उभारता आलं नसेल.

"मोठं चर्च आहे," मी म्हणालो. "आत समोरची अख्खी भिंत सोन्याची. म्हणजे मुलामा. पिळाचे आठ खांब. वर एक देवदूत, त्याचा एक हात तुटलेला." हात मी का तोडला कोण जाणे. कॅलेंडरवरच्या देवदूताच्या हातावर खिळा ठोकलेला होता, म्हणून असेल. मग मीच रंगलो. "सकाळी अकराच्या सुमाराला वरच्या खिडकीतून ऊन येतं ते नेमकं त्या सोन्यावर. आपला पांढरा शर्टसुद्धा पिवळा होतो."

मामा पुढे सरकून बसले. "शर्ट पिवळा होतो?"

"पूर्ण."

लग्न जमलं.

मामांना त्या सोन्याचं वेड का लागलं, हे मला फार उशिरा कळलं. भिवंडीत विणतात ते कापड ग्रे. नाव ग्रे, रंग कसलाच नाही. मळकट पांढरं, मागावरून उतरेल तसं. त्याला रंग चढतो तो पुढे, जेतपूरला, बालोतऱ्याला. मामांनी जन्मभर लाखो वार कापड विणलं, पण रंगलेलं कापड त्यांच्या कारखान्यात कधी आलंच नाही. अंगावर पांढरा लेंगा, भुवयांवर पांढरा कापूस. अशा माणसाला मी सांगितलं होतं, की एक जागा अशी आहे जिथे नुसतं उभं राहिलं तरी पांढऱ्याला रंग चढतो.

मग दर दिवाळीला फराळाच्या ताटासमोर माझा कार्यक्रम ठरलेला. "जावईबापू, ते दीवचं सांगा." ऐकायला शेजारच्या कारखान्याचे मालक हमखास असत. कोकणी मुसलमान, मामांचे जुने मित्र. सगळी आळी त्यांना चाचा म्हणे. चिवड्याचा बकाणा भरून चाचा दरवर्षी एकच शेरा मारत, "शेठ, तुमचा जावई आदमी अच्छा हाय. पण बोलतो लूमसारखा. लाइट गेल्याशिवाय थांबत न्हाय."

बायकोला खरं कळायला सहा महिने लागले. तिनं सहज विचारलं, "दीवला होडीतून जायचं की पूल आहे?" मी म्हणालो, "आहे." तिनं माझ्याकडे बघितलं. मीठ जास्त झालेल्या भाजीकडे बघतात तसं. म्हणाली, "अहो, बाबांना सांगून टाका."

"पुढच्या दिवाळीला," मी म्हणालो. अशा सात दिवाळ्या गेल्या.

आठव्या वर्षी मामा कारखान्यातल्या खांबाला धडकले. रोजचा खांब. मग दाराच्या चौकटीला, मग चाचांच्या सायकलीला. मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू निघाला, तोही जुना. डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडेनं गेली आहे, गेलेली परत येणार नाही. ऑपरेशन करू ते उरलेली राखण्यासाठी, आणि तीसुद्धा राहीलच असं नाही. मामा घरी येऊन म्हणाले, "आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोरचं दिसतं, बाजूचं गायब." जरा वेळानं म्हणाले, "समोरचं दिसतंय तोवर ते सोनं बघून घेऊ. ऑपरेशनच्या आधी. जावईबापू, नेता का?"

बायको ओट्याशी उभी होती. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिची पाठच सांगत होती, आता बोल.

मी म्हणालो, "नेतो की."

पुढची चूक मात्र खास माझी. पहिली तरी कॅलेंडरनं करवून घेतली होती. तशी दुसरीतही कॅलेंडरच होतं म्हणा.

भिवंडीत मागांना सुट्टी शुक्रवारी. मामा कारखाना सोडून जायचे तर शुक्रवार धरूनच. मामांच्या मुलानं एक शुक्रवार काढलाही होता, बसची चौकशीही केली होती. मी शाळेतलं कॅलेंडर उलटलं, तर त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी एक शुक्रवार लाल छापलेला. ख्रिश्चनांचा सण, शाळेला सुट्टी. माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला की घरच्यांनी सावध व्हावं, एवढं आता त्यांना कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

"पंधरा दिवस थांबू," मी जाहीर केलं. "सणाच्या दिवशी जाऊ. वज्रेश्वरीच्या जत्रेला देवीच्या अंगावर सगळे दागिने चढवतात की नाही? तसंच. एरवी दिसतं त्याच्या दुप्पट झगमगाट असणार."

खरं कारण वेगळंच होतं. त्या चर्चमध्ये सोनं असेल-नसेल, पण सणाला निदान दिवे, झुंबरं, फुलं, काहीतरी चमकणारं असेलच, असा माझा हिशेब. नळीतून बघणाऱ्या माणसाला तेवढं पुरेल. मामांना कल्पना फार आवडली. "बघा," ते मुलाला म्हणाले, "गेलेला माणूस आणि न गेलेला माणूस यात हा फरक."

ऑपरेशनसाठी सोमवारी दाखल व्हायचं होतं. शुक्रवारी सकाळी पोचायचं, शनिवारी पहाटेच्या बसनं परत, असं ठरलं. परतीची तिकिटं सोबत काढून ठेवली, कारण सणाची गर्दी. मी पेढ्यांचा पुडा घेतला. सणाला रिकाम्या हातानं जायचं नसतं. झेंडूचा हारही घेतला, भला मोठा, ओल्या फडक्यात गुंडाळून.

बोरिवलीहून सुटणारी खाजगी बस होती, आणि आम्ही दोघंच. वीस-बावीस तासांच्या प्रवासात मी मनातल्या मनात पन्नास वेळा कबुलीजबाब तयार केला. प्रत्येक वेळी मामा म्हणत, "ते खिडकीचं ऊन अकरालाच ना? आपण वेळेत पोचू ना?" आणि तयार केलेलं वाक्य बसच्या धक्क्यानं परत पोटात जाई.

दीवला उतरलो तर समुद्राचा वारा, दोन-दोन डोकी फुटलेली ताडाची झाडं, किल्ल्याची लांबलचक भिंत. गावात पिवळी, निळी, गुलाबी जुनी घरं, खिडक्यांवर लाकडी नक्षी. मामा नळीतून एकेक घर बघत होते आणि आठ वर्षांचं पोर असल्यासारखे सांगत होते, "हे निळं. हे बघा, हे गुलाबी. जावईबापू, तुम्ही घरांचं कधी बोलला नाहीत."

"चर्चपुढे घरं विसरलो," मी म्हणालो.

आता चर्च कुठे? विचारायचं तर बिंग फुटणार. आधी येऊन गेलेला माणूस रस्ता विचारत नाही. टेकाडावर एक उंच पांढरी इमारत दिसत होती. पायऱ्या, वर क्रूस, सगळं शंभर टक्के चर्च. मी हात करून म्हणालो, "ते काय!" पायऱ्या बऱ्याच होत्या. मामांचा हात माझ्या खांद्यावर, माझ्या हातात हार, काखेत पेढे. आत शिरलो. लांब दालन, उंच छत, आणि खाली ओळीनं लोखंडी खाटा. एका खाटेवर सलाइन लावलेला माणूस. नर्सनं वर पाहून हिंदीत विचारलं, "पेशंट कौन?"

जुन्या चर्चात आता दवाखाना भरत होता. मी हार घेऊन उभा. सलाइनवाल्या माणसानं त्या हाराकडे पाहिलं आणि कुशी बदलली.

मामा मात्र गंभीर झाले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, डोळ्यांसाठी आणलंत होय मला? आधी सांगायचं. इथे चांगला डॉक्टर आहे का?"

मी घाईनं म्हणालो, "नाही मामा, हे... हे दुसरं चर्च. मी म्हणत होतो ते पुढे आहे. दोन्ही सारखीच दिसतात." तिथल्या वॉर्डबॉयला मी बाहेर गाठून कानात विचारलं, तेव्हा खरं मोठं चर्च खालच्या बाजूला असल्याचं कळलं. घड्याळात साडेदहा.

मोठ्या चर्चसमोर माणसं जमत होती. फार नाहीत. बायका काळ्या कपड्यांत, डोक्यावर काळी जाळी. पुरुष गप्प. मला वाटलं, शिस्तीचे लोक. दाराशी एक वृद्ध बाई उभ्या होत्या. मी पुडा उघडून पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "हैप्पी फेस्टिवल! मिठाई लीजिए!"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. कीव आली असावी. हिंदीत म्हणाल्या, "बेटा, आज हमारे प्रभु की मौत का दिन है. आज हम खाते भी नहीं."

आयुष्यात मी पुष्कळ वेळा तोंडघशी पडलो आहे, पण पेढ्यांचा पुडा पुढे धरून कुणाच्या मयताला गेलो, ते तेवढं एकदाच. पुडा मिटता मिटेना. सुतळी कुठे पडली कळेना. हार तर तोंडासमोरच. मी तो पाठीमागे लपवला, तर मागून येणाऱ्या माणसाला लागला.

मी मामांना म्हणालो, "तुम्ही आत बसा, मी एवढं ठेवून येतो." आणि पेढे नि हार ठेवायला जागा शोधत गल्लीत फिरलो. शेवटी हार एका गाईला घातला. गळ्यात नव्हे, पुढ्यात. पेढे पिशवीच्या तळाशी कोंबले. या भानगडीत पाच-सात मिनिटं गेली.

परत आत आलो आणि दारातच थांबलो.

समोर सोनं नव्हतं. लाकूड नव्हतं, खांब नव्हते, देवदूत नव्हता. जमिनीपासून छतापर्यंत एक प्रचंड जांभळा पडदा. बाजूच्या सगळ्या मूर्तींवर जांभळे कपडे, पायापासून डोक्यापर्यंत, घर बंद करून गावाला जाताना सामानावर चादरी टाकतात तसे. एक दिवा नाही, एक फूल नाही, मेणबत्ती नाही. पुढचं टेबलसुद्धा उघडंबोडकं. त्यांच्या शोकाचा दिवस. सगळी शोभा उतरवून झाकून ठेवलेली. दागिने चढवायच्या दिवसाऐवजी मी दागिने उतरवायच्या दिवशी सासऱ्यांना घेऊन आलो होतो.

मामा बाजूच्या एका झाकलेल्या मूर्तीपाशी होते. शेजारी चर्चची राखण करणारा म्हातारा, आणि दोघं गुजरातीत बोलत होते. सुताच्या व्यापाऱ्यांशी जन्म गेल्यामुळे मामांचं गुजराती पक्कं. माझं 'केम छो' पुढे जात नाही. मी जवळ गेलो तसा म्हातारा थांबला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सावकाश, आणि परत मामांकडे बघून मान हलवली. त्या पाच-सात मिनिटांत त्यांचं काय बोलणं झालं, ते मला आजतागायत माहीत नाही.

मामांनी मला एवढंच सांगितलं, "रविवारी उघडणार म्हणतोय. शनिवारी रात्री पडदा काढतात." मग म्हणाले, "आणि झाकतात ते त्याच्या दोन रविवार आधी. आपण त्या पहिल्या शुक्रवारी आलो असतो, तर उघडं होतं."

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. माग बंद पडला की 'तार तुटली' म्हणतात, तितक्या साधेपणानं म्हणाले.

"मामा, थांबू या," मी म्हणालो. "रविवार बघून जाऊ."

"सोमवारी दाखल व्हायचंय. डॉक्टरांची तारीख आहे."

"तारीख पुढे ढकलू."

"तोवर समोरचंही गेलं तर?" ते म्हणाले. तरी मी बसस्टँडला जाऊन रविवारची तिकिटं विचारून येतो म्हणालो, तर म्हातारा हिंदीत म्हणाला, "संडे को सीट नहीं मिलेगा. सब बुक." त्याच्या सुरात थोडं समाधान होतं की काय, असं मला वाटलं.

तेवढ्यात मामांनी खिशातून आपली काच काढली. कापडाचे धागे मोजायची पितळी घडीची काच. ती कापडावर ठेवली की एक इंच चौकोनातले धागे मोठे दिसतात. भिवंडीत माणूस चष्मा विसरेल, काच विसरणार नाही. मी हात धरायच्या आत त्यांनी मूर्तीवरच्या जांभळ्या कपड्याची कड उचलली, काच ठेवली आणि डोळा लावला. मला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. पण म्हातारा नुसता बघत राहिला.

इंचभर चौकोन बघायला मामांची नळी पुरेशी होती. ते बराच वेळ वाकून राहिले. ओठ हलत होते, धागे मोजत होते. मग उठले ते असे, की जणू गर्दीत गाववाला भेटला.

"आपलंच आहे," ते म्हणाले. "भिवंडीचं. ग्रे आपला, रंग जेतपूरचा." म्हाताऱ्याला गुजरातीत काहीतरी विचारलं, त्यानं होकार दिला. "बघा! जेतपूरहून आणलंय." कड बोटांत चोळत म्हणाले, "विणलंय नीट. फक्त इथे एक बाणा सुटलाय. कारागिराचं लक्ष नव्हतं." आणि तो सुटलेला आडवा धागा नखानं सारखा करायला लागले.

दीवच्या बेटावर आमच्या मामांनी एकच गोष्ट धडपणे पाहिली, ती म्हणजे भिवंडीचं कापड. पण रंगलेलं.

मग ते मधल्या बाकावर जाऊन बसले, त्या भल्या मोठ्या पडद्यासमोर. मी शेजारी बसलो. लोक गुडघे टेकून प्रार्थना करत होते. एका माणसानं हातात एक लाकडी खटखटं घेऊन वाजवलं. त्या दिवशी घंटा वाजवत नाहीत म्हणे. खट-खट-खट-खट. मामांचा चेहरा एकदम सैलावला. "धोटा," ते पुटपुटले. मागावर आडवा धागा घेऊन खटाखट इकडून तिकडे पळतो तो.

मी ठरवलं, आता बोलायचंच. डोळ्यांपुढे अंधार पडायच्या आत या माणसाला खरं कळलं पाहिजे. "मामा," मी म्हणालो, "मला तुम्हाला एक सांगायचंय. मी इथे..."

"अकरा वाजायला आले," मामा म्हणाले. नजर पडद्यावरून हलली नाही. "सांगा. हळू सांगा, लोक प्रार्थना करतायत."

"नाही, ते नाही. मी लग्नाआधी इथे—"

"जावईबापू." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात जड होता. "सांगा म्हणतोय ना. पडद्यामागे काय आहे?"

मी सांगायला लागलो. दुसरं काय करणार? समोर सोन्याची भिंत. पिळाचे खांब, सहा—

"आठ," मामा म्हणाले.

आठ. वरती देवदूत, त्याचा उजवा हात तुटलेला—

"डावा. उजव्या हातात त्याच्या तुतारी आहे. तिसऱ्या दिवाळीला सांगितलंत."

तुतारी मी विसरलोच होतो. पुढे ते सांगत गेले आणि मी हो म्हणत गेलो. द्राक्षांचे वेल होते, वेलांत पक्षी होते, एका पक्ष्याचा डोळा लाल खड्याचा होता. इतकं सगळं मी कधी बोललो होतो? माझ्या थापांचं एवढं मोठं चर्च त्यांनी विटेला वीट लावून सांभाळून ठेवलं होतं, आणि त्याच्या दाराशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभं राहायचीसुद्धा माझी लायकी नव्हती.

वरच्या खिडकीतून ऊन आलं नाही. खिडकीलाही पडदा होता. मामांनी एकदा आपल्या शर्टाकडे पाहिलं. पांढराच होता.

सोमवारी ते दाखल झाले. ऑपरेशन डॉक्टरांनी मन लावून केलं. पण एक डोळा त्याच महिन्यात गेला, दुसरा हळूहळू, चार-पाच वर्षांत. कुणाची चूक नाही, असं सगळे म्हणाले. ते डोळ्यांबद्दल म्हणत होते. त्या लाल शुक्रवाराबद्दल मला कुणी काही म्हणालं नाही. बायकोसुद्धा नाही. तिनं टोमणे मारले असते तर मी कुठेतरी उत्तर दिलं असतं. न मारलेल्या टोमण्याला माणूस काय उत्तर देणार?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, मी एकटाच दीवला गेलो. साधा मंगळवार होता. या वेळी कॅलेंडर दोनदा तपासलं, शिवाय शाळेतल्या ख्रिश्चन बाईंना विचारून घेतलं. चर्च उघडं होतं, पडदा नव्हता. मी त्याच बाकावर बसलो.

समोर लाकूड होतं. गडद, कोरीव, तेल पाजल्यासारखं काळसर. नक्षी अशी, की मान दुखेपर्यंत बघत राहावं. पण सोनं नाही. खांब मोजले, आठ भरेनात. देवदूत सापडला, त्याचे दोन्ही हात शाबूत. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. ऊन आलं ते बाजूच्या फरशीवर पडलं आणि सरकून गेलं. राखण करणारा म्हातारा दिसला नाही. चौकशी केली नाही. कुठल्या तोंडानं करणार?

मला सुटल्यासारखं वाटलं. आता मी पाहिलेला माणूस होतो. पहिल्यांदाच खरं सांगायला माझ्याजवळ काहीतरी होतं.

भिवंडीला आलो तो तडक कारखान्यात. मामा दाराशी बाकड्यावर बसलेले. आठातले चार माग आता विकले होते. उरलेले मुलगा बघे, आणि मामा बाहेर बसून कानानं राखण करत. "तिसऱ्यावर धोटा अडखळतोय," असं ओरडून सांगत, आणि तिसऱ्यावरच अडखळत असे.

मी पायाशी बसलो. म्हणालो, "मामा, दीवला जाऊन आलो. उघडं होतं. सगळं बघितलं."

ते माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. "मग?"

"सोनं नाहीये मामा. लाकूड आहे. सगळं लाकूड, काळसर. सुंदर आहे, पण सोनं नाही. नव्हतंच."

आत चार माग खडखडत होते. मामांनी तिकडे कान दिला. मग विचारलं, "थांबलात किती?"

"तासभर असेन."

"तासाभरात काय दिसतं," ते म्हणाले. "घाई झाली तुमची, जावईबापू. नीट दिसलं नसेल."

"मामा, मी मोजलं. खांबसुद्धा आठ—"

"अरे चाचा!" मामांनी रस्त्याच्या बाजूला हाक मारली. चाचांच्या चपला ते लांबून ओळखत. "या, बसा. आमचे जावई दीवला जाऊन आलेत, परत."

चाचा बाकड्यावर टेकले. म्हातारे झाले होते तेही. चिवडा सुटला होता, शेरे सुटले नव्हते. "परत? वहां जमीन-बिमीन घेतली की काय?"

"ऐका तर," मामा म्हणाले. बाकड्यावर ताठ बसले. डोळे समोरच्या पत्र्याच्या भिंतीवर लागलेले, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं. "समोर अख्खी भिंत सोन्याची. पिळाचे आठ खांब. द्राक्षांचे वेल, वेलांत पक्षी. वर देवदूत, एका हातात तुतारी, दुसरा तुटलेला." मग ते अडखळले. अडखळले, की थांबले, देव जाणे. माझ्या दिशेनं हात पुढे केला. "कुठला हात तुटलाय हो, जावईबापू? तुम्ही आत्ताच बघून आलात."

चाचा माझ्याकडे बघत होते. आत तिसरा माग बंद पडला होता, त्यामुळे जरा ऐकू येण्याइतकी शांतता होती.

"डावा," मी म्हणालो.